गोळी दिली का?

१

शिडीवर कोणीतरी गोणपाट टाकून ठेवलं होतं. माणसाला नेलं होतं, शिडी मागे राहिली होती, आणि काहीतरी झाकल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. मी गोणपाट ओढून काढलं तशा ओतशाळेतल्या सगळ्यांनी माना फिरवल्या.

मेला तो इथला वायरमन. छपराजवळचा धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. दुरुस्त केलेला पंखा परत बसवायला तो नव्या घडीच्या शिडीवर चढला, शिडीचा सांधा मोडला, आणि तो खाली रचलेल्या लोखंडी चौकटींवर पाठीवर पडला. ऐन उमेदीतला पोरगा. शिडीचे ॲल्युमिनियमचे सांधे ओतणं हाच या ओतशाळेचा धंदा, त्यामुळे ज्यानं त्याचा घात केला तो सांधाही इथलाच.

मला लोक करवतबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझे कान शाबूत आहेत. धातूच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठे काही मोडलं की मला बोलावतात आणि मी ते आणखी मोडते, म्हणजे कापते, घासते आणि आत काय आहे ते बघते. माझे गुडघे दुखतात, मला गोड बोलता येत नाही, आणि कोणी आग्रहानं चहा पाजायला लागलं की मला आधी संशय येतो. इन्स्पेक्टर नेमका तेच करत होता. म्हणाला, सांधा मोडला एवढं लिहून द्या मॅडम, अपघात म्हणून फाईल मिटवतो. मी कप बाजूला सारला आणि सांधा करवतीखाली धरला.

कापलेला भाग घासून चकचकीत केला आणि भिंग लावलं. आत भोकंच भोकं. धातू आटताना पडते ती पोकळी वेडीवाकडी, कातरलेली असते. ही भोकं गोल होती, गुळगुळीत, आणि सगळीकडे सारखी पसरलेली. म्हणजे गॅस. वितळलेल्या ॲल्युमिनियमला दमट हवा लागली, ओलसर भंगार लागलं की ते त्यातला हायड्रोजन शोषून घेतं. पातळ असेतोवर तो पोटात ठेवतं. घट्ट व्हायला लागलं की ठेवता येत नाही, आणि मग त्याचे बुडबुडे जागच्या जागी अडकतात. वरून सांधा दिसायला देखणा आणि आतून पोखरलेला. म्हणून ओतण्याआधी हा गॅस काढून टाकावा लागतो. इथे तो काढलेला नव्हता. त्याच दिवशी ओतलेले आणखी काही सांधे पडून होते, ते कापले. सगळे तसेच.

मी इन्स्पेक्टरला सांगितलं की हा नुसता अपघात नाही, यात कोणाची तरी कसूर आहे. तो तोंड वाकडं करून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि माझ्याकडे बघून सावकाश फोन खाली ठेवला. ओतशाळेचा मिस्तरी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यावर आला होता आणि म्हणत होता, जावयाला मी मारलं.

२

मेलेला वायरमन हा मिस्तरीचा जावई, हे मला तेव्हा कळलं. पोरीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं. बाप तिच्याशी बोलायचा, पण जावयाशी अक्षर नाही. दोघं एकाच छपराखाली काम करायचे आणि निरोप तिसऱ्याच्या तोंडून पाठवायचे. त्यामुळे मिस्तरीची कबुली सगळ्यांना पटली. तो म्हणाला, शिडी जावयासाठी होती हे मला ठाऊक होतं, म्हणून गॅस न काढताच रस ओतला. इन्स्पेक्टरची कळी खुलली. आता मी फक्त भोकं आहेत एवढं लिहून दिलं की झालं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उभा जन्म भट्टीपाशी घालवलेला माणूस जीव घ्यायला असला भरवशाचा नसलेला मार्ग कशाला धरेल? भोकं पडलेला सांधा आज मोडेल, नाहीतर वर्षानुवर्षं मोडणार नाही. वर चढलेला माणूस जावईच असेल याची तरी काय खात्री? इन्स्पेक्टर म्हणाला, राग आला की माणूस एवढा विचार करत नाही. मी म्हटलं, मग राग आल्यावर माणूस हातोडा उचलतो.

मिस्तरीचं घर ओतशाळेच्या मागच्या भिंतीला लागून, एकच खोली. दार मुलीनं उघडलं. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. आत खाटेवर तिची आई. हृदय कमकुवत झालेलं, उठणं-बसणं बंद, आणि आताशा स्मरणशक्तीही दगा देते. जावई गेलाय हे तिला सांगितलंय, पण ते टिकत नाही, आणि ती मधूनच विचारते की तो जेवायला का नाही आला. माझ्यासमोर मुलीनं आईला उठवून बसवलं, पाकिटातून गोळी काढली, पाण्याच्या घोटाबरोबर दिली, तोंड पुसलं. आम्ही बोलायला बसतो न बसतो तोच खाटेवरून आवाज आला, गोळी दिली का गं मला? मुलगी मागे न बघता म्हणाली, "दिली, आई." थोड्या वेळानं पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच उत्तर. मला कीव आली आणि मी विषय पुढे नेला.

मुलगी म्हणाली, बाबांनी हे केलेलं नाही. ते अबोला धरतील, जेवण सोडतील, पण कोणाच्या जिवावर उठणार नाहीत. लहानपणापासून ती त्यांच्या हाताखाली शिकली. ओतीव तुकड्यात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, आजही तीच बनवते. नवरा तर गेला. बापही गेला तर आईला घेऊन ती कुठे जाणार?

"बाई, तुम्ही खरं शोधून काढा," ती म्हणाली. "ते कितीही वाईट असू दे, मला सांगा. पण बाबांना सोडवा."

मी सहसा कोणाला शब्द देत नाही. तिला दिला.

३

ओतशाळेत पहिल्यांदा भेटला तो साचेवाला. त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तो झोपेतसुद्धा बोलत असावा. वाळू ठोकता ठोकता त्यानं मला मालकिणीच्या दमेकरी मामापासून भट्टीच्या चिमणीपर्यंत सगळं ऐकवलं. मी कान देऊन ऐकलं. बडबड्या माणसाला खोटं बोलायला उसंत मिळत नाही.

गॅस काढायची इथली रीत त्यानं मला दाखवली. अर्ध्या उंचीची एक भिंत, तिच्यावर फळी, फळीवर औषधी गोळ्यांचा डबा. गोळी म्हणजे मुठीएवढी पांढरी वडी. लांब दांड्याला उलटी वाटी असते, तिला भोकं. वाटीत गोळी ठेवून ती मुशीच्या तळापर्यंत दाबून धरायची. गोळीचे बुडबुडे रसातून वर येतात आणि वाटेत भेटलेला हायड्रोजन बरोबर घेऊन जातात. हे काम भट्टीवाल्याचं. मिस्तरी ओतण्याआधी मोठ्यानं विचारणार, गोळी दिली का? दिली असं उत्तर कानावर पडल्याशिवाय पळीला हात लावू देणार नाही. हा नियम मिस्तरीनंच घातलेला, आणि तो त्यानं मोडल्याचं मौनीनं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या दिवशी विचारलं का, असं मी विचारलं. मौनी म्हणाला, विचारलं की! वर आणखी एक गोष्ट सांगितली. एरवी ओतायचं काम दुसऱ्यावर सोपवून मिस्तरी नुसता उभा असतो. त्या दिवशी म्हणाला, हे पंख्याच्या शिडीचे सांधे आहेत ना, मग मी स्वतः ओततो. इन्स्पेक्टरनं ही गोष्ट कबुलीच्या खाली ठळक लिहून घेतली होती. मला ती उलटी वाटली. ज्याच्याशी बोलायला जीभ वळत नाही, त्याच्यासाठी माणूस हातानं काहीतरी करून ठेवतो.

आणि उत्तर? मी विचारलं.

"आलं ना. दिली म्हणून. या फळीकडूनच आलं," मौनी म्हणाला. "भट्टीवाल्याशिवाय कोण देणार उत्तर?"

म्हणजे आवाज ओळखलास का? तो हसला. भट्टीत हवा फुंकणारा वारा घरघरत असतो ताई, त्यात आवाज कसला ओळखू येतोय, शब्द कळला तरी पुष्कळ.

भट्टीवाला राखेच्या ढिगामागे सापडला. हडकुळा, कावराबावरा माणूस. पंखा दुरुस्तीला उशीर होतोय म्हणून वायरमनशी त्याची जोरदार जुंपली होती, हे मला आधीच कळलं होतं. मी विचारलं तेव्हा त्यानं मुलाबाळांची शपथ घेतली. गोळी मीच दिली, वाटी तळापर्यंत दाबली, मिस्तरींनी विचारलं तेव्हा दिली म्हणालो. मग भोकं कशी पडली? तो म्हणाला, मालकिणीला विचारा. डब्यात काय माल येतो देव जाणे.

मालकिणीला विचारलं तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गोळ्या चांगल्या आहेत, भंगार जरा ओलसर होतं एवढं कबूल, उघड्यावर पडलं होतं, पण ओलसर भंगारासाठीच तर गोळी असते! ती खोटं बोलत असेल तर गोळ्या बनावट होत्या. भट्टीवाला खोटं बोलत असेल तर गोळी दिलीच नव्हती. आणि मिस्तरी खरं बोलत असेल, गॅस काढायचाच नव्हता, तर त्यानं प्रश्न तरी का विचारला? मी म्हटलं, भट्टी पेटवा. आत्ताच्या आत्ता बघू.

४

पंखा अजूनही जमिनीवरच पडलेला होता. त्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मला ते सोयीचंच होतं, कारण ज्या दिवशी सांधे ओतले त्या दिवशीही पंखा बंदच होता.

रस तयार झाला. त्याच डब्यातली गोळी मी वाटीत ठेवली आणि भट्टीवाल्याला सांगितलं, दाब. त्यानं दाबली. रस खदखदला, आणि पांढऱ्या धुराचा लोट वर गेला, छपराला लागला आणि तिथून खाली उतरला. नाकात, डोळ्यांत, घशात असा काही झोंबला की बोलायची सोय राहिली नाही. मालकीण पदर तोंडाला लावून पळाली. भट्टीवाला दांडा सोडून पळाला. मीही माझ्या दुखऱ्या गुडघ्यांसकट पळाले. सगळे बाहेर रस्त्यावर उभे राहून खोकत होतो. रस्त्यानं जाणारी माणसं आमच्याकडे बघत होती.

मौनी सगळ्यात जास्त खोकत होता. त्याला बोलता येत नव्हतं. या धुरात मौनीसुद्धा गप्प होतो, हे माझ्या ध्यानात आलं. मी त्याला श्वास घेऊ दिला आणि विचारलं, त्या दिवशी असा धूर झाला होता का? त्यानं हातानंच नाही म्हटलं. मग जरा आवाज फुटल्यावर म्हणाला, त्या दिवशी मी सकाळपासून गोष्ट सांगत होतो, मामाच्या दम्याची, ती मध्ये एकदाही तुटली नाही. मालकिणीनंही मान डोलावली. तिच्या ऑफिसची खिडकी दिवसभर उघडी होती आणि तिला कसलाच वास आला नव्हता.

धूर निवल्यावर मी त्या रसाचे तुकडे ओतून घेतले आणि थंड झाल्यावर कापले. आत एकही भोक नव्हतं. गोळ्या अस्सल होत्या. मालकीण सुटली.

आता भट्टीवाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पंखा बंद असताना गोळी दिली असती तर सगळी ओतशाळा रस्त्यावर आली असती, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला गप्प केलं नाही. गोळी मी दिली नाही, तो म्हणाला. द्यायच्या वेळी मालकिणीनं ऑफिसात बोलावलं, माल वेळेवर जात नाही म्हणून झाडलं. परत आलो तर मिस्तरी ओतत होते. मला वाटलं त्यांनीच देऊन टाकली असेल. मग हे घडलं आणि पोटासाठी खोटं बोललो. मिस्तरींनी मला गाठून विचारलं होतं, त्यांना खरं सांगितलं.  ते नुसते त्या फळीकडे बघत उभे राहिले, आणि मग चपला घालून ठाण्यावर गेले.

मालकिणीनं दुजोरा दिला. मिस्तरीनं हाक मारून विचारलं तेव्हा भट्टीवाला तिच्यासमोर मान खाली घालून उभा होता. दोघांनीही लांबून प्रश्न ऐकला होता. उत्तर ऐकलं नव्हतं.

म्हणजे गोळी कोणीच दिली नव्हती, आणि तरीही कोणीतरी दिली म्हणालं होतं.

५

मिस्तरी कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. हात भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले, आणि ते त्यानं मांडीवर असे ठेवले होते जणू आता त्यांचं काही काम उरलेलं नाही. मी बाहेर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. धूर झाला नाही. भट्टीवाला जागेवर नव्हता. तुम्ही नियमाप्रमाणे विचारलंत आणि उत्तर आल्यावरच ओतलंत. ज्याला जीव घ्यायचा आहे तो गोळी दिली का असं विचारत नाही. तुम्ही खोटं बोलताय.

 तो म्हणाला, त्या शिडीचा सांधा मी स्वतः ओतला, माझ्या हातानं पोराचा जीव गेला, यात खोटं काय आहे?

मी म्हटलं, उत्तर कोणी दिलं?

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी पूर्वी एकदाही पाहिली नव्हती आणि पुन्हा बघायची इच्छा नाही. त्यात राग नव्हता. तो माझ्याकडे काहीतरी मागत होता.

"बाई, एवढं शोधू नका," तो म्हणाला. "पोरीला सांगा, बापानं केलं. तिला माझा राग करू दे. राग करायला कोणी असलं की माणूस तगून राहतं."

मी म्हटलं, तिचा तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही केलं नाही असं तीच म्हणते. त्यानं डोळे मिटून घेतले. मीच केलं हे हळूहळू पटेल तिला, म्हणाला. जावयाशी मी कसा वागलो ते तिनं पाहिलंय. त्या दिवशी तरी म्हटलं, आपल्या हातची शिडी त्याच्या पायाखाली असू दे. तोंडानं कधी बोललो नाही, तर एवढं तरी.  इन्स्पेक्टर दारात उभा होता, तो आल्या पावली निघून गेला.

मी उठताना मिस्तरीनं एकच विचारलं. घरी गेला होतात का? हिच्या गोळ्या वेळेवर चालल्यात ना? नवीन गोळी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवशी आम्ही सांधे ओतले. माझा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता, सारखा पोरीला विचारत होतो.

मी हो म्हटलं आणि बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर माझे पाय थांबले.

६

मी ओतशाळेत परत गेले. कोणाशी बोलले नाही. भट्टीपाशी, मिस्तरी जिथे उभा असतो तिथे, उभी राहिले आणि गोळ्यांच्या फळीकडे पाहिलं. फळी त्या अर्ध्या भिंतीवर. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे मी आधी विचारलंच नव्हतं. चालत जाऊन बघितलं. एक बुटका ओटा, त्यावर वाळू, लाकडी पेट्या आणि अर्धवट राहिलेला एक कोअर. वाळू वाळून गेली होती. कोअर बनवणारी इथेच बसायची.

त्या दिवशी भट्टीचा वारा घरघरत होता. मिस्तरी फळीकडे तोंड करून ओरडला, गोळी दिली का? त्यानं भट्टीचं विचारलं होतं. पण ज्या कानांवर सकाळपासून आईच्या नव्या गोळीची चौकशी पडत होती, त्या कानांना ती आईचीच गोळी वाटली. आणि आईला गोळी तर दिली होती. वाळूतून मान वर न काढता, भिंतीच्या आडून, तिनं खरं तेच सांगितलं.

आणि हा शब्द तरी काय! देतो म्हणालं असतं तर पुरुष आहे हे कळलं असतं, देते म्हणालं असतं तर बाई. भट्टीवाल्याचा आवाज नाही हे मिस्तरीला तिथल्या तिथे उमगलं असतं. पण दिली या शब्दात फक्त गोळी असते. देणारा त्यात नसतोच. आपल्या भाषेत रोज हजार वेळा बोलला जाणारा शब्द, आणि त्यानं एका पोरीकडून तिच्याच नवऱ्याचा घात करवला.

मिस्तरीला हे कळलं होतं. फळीकडे बघत उभा राहिला तेव्हाच कळलं होतं. पोरीला कधीच कळू नये म्हणून तो फासावर जायला निघाला होता.

मी ठरवलं की तिला सांगायचं नाही. दिलेला शब्द गेला खड्ड्यात. भट्टीवाल्याचा हलगर्जीपणा असं लिहून देऊ, मिस्तरीही सुटेल. एवढं पक्कं करून मी तिच्या दाराशी गेले. आईचं नुकतंच तोंड धुऊन झालं होतं, गोळी देऊन झाली होती, पाण्याचा पेला अजून हातात होता.

मी सांगितलं, बाबा निर्दोष आहेत. भट्टीवाला गोळी द्यायची विसरला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. मग गेला. कारण ती मिस्तरीच्या हाताखाली शिकलेली.

"पण बाबा विचारल्याशिवाय ओतत नाहीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, विचारलं होतं.

"मग दिली कोण म्हणालं?"

मला उत्तर द्यायचं होतं. एवढी वर्षं कोणाचीही भीड न ठेवता बोलणारी मी, मला एक साधं खोटं सुचेना. भट्टीवाला म्हणाला, एवढं बोलले असते तरी चाललं असतं. पण मी खाली पायांकडे बघत राहिले.

आतून म्हातारीचा आवाज आला. "गोळी दिली का गं मला?"

"दिली," मुलगी म्हणाली. सवयीनं, मागे न बघता.

आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. पेला तिच्या हातातच होता.  तिनं दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं, जसं काही तो शब्द अजून आत होता आणि बाहेर पडायचा होता. मी पुढे होऊन तिला धरलं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

७

ठाण्यावर ती स्वतःच गेली. मी नको म्हणून पाहिलं, तिनं ऐकलं नाही. इन्स्पेक्टरसमोर उभी राहून तिनं सगळं सांगितलं, एकेक शब्द चाचपून, आणि शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही. तो मला सांगावा लागला. इन्स्पेक्टर पेन हातात धरून बसून राहिला. कबुली फाडली तर गुन्हा उरत नाही, आणि गुन्हा उरला नाही तर लिहायचं काय, हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, घेऊन जा यांना.

मिस्तरीला बाहेर आणलं. मुलगी समोर उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघताच तिला कळलंय हे त्यानं ओळखलं. मला वाटलं तो माझ्यावर ओरडेल. त्यानं नुसतं विचारलं, मग मला कशाला सोडता?

घरापर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. बाप पुढे, मुलगी मागे, मी मध्ये.  त्यानं एकदा मागे वळून तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला, आणि मध्येच खाली घेतला. त्याच हातानं त्यानं सांधा ओतला होता. तिनं ते पाहिलं. तिला त्याच्याजवळ जायचं होतं, पण गेली नाही.

शेजारच्या बाईनं तोवर म्हातारीकडे लक्ष ठेवलं होतं. ती सगळं सांगून गेली, खाणं झालंय, गोळी झाली आहे. म्हातारीनं नवऱ्याला ओळखलं आणि खूश झाली. कुठे होतात, म्हणाली. आणि जावईबापू कुठे आहेत? मिस्तरी खाटेच्या पायथ्याशी बसला. मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्या खोलीत माझं काही काम नव्हतं. मी दारातच घुटमळत होते.

"गोळी दिली का गं मला?" म्हातारीनं विचारलं.

मुलीचे ओठ हलले. आवाज आला नाही. बापानं मान खाली घातली. म्हातारीनं जरा वाट बघितली, मग पुन्हा विचारलं. एकदा मुलीकडे बघून, एकदा नवऱ्याकडे बघून. आता तिच्या आवाजात भीती यायला लागली होती. उत्तर अगदी सोपं होतं, आणि त्या घरात ते देऊ शकेल असं कोणी उरलं नव्हतं.

माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. मी पायऱ्या उतरले, ओतशाळेच्या बंद दारावरून पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी म्हातारी विचारतच होती.